विजयमाला मगदूम यांना कळलं नाही

मिरजेतल्या आमच्या हॉस्पिटलात एखादं नवीन औषध, मलम किंवा यंत्र माणसांवर वापरून बघायचं असेल तर आधी एथिक्स कमिटीची परवानगी लागते. मी या कमिटीचा कारकून. सभेची पत्रं काढायची, चहा सांगायचा आणि इतिवृत्त लिहायचं ही माझी कामं. कमिटीत डॉक्टर असतात, एक वकील असतात, समाजशास्त्राचे एक प्राध्यापक असतात आणि नियमानं एक सामान्य माणूस असावा लागतो. सामान्य म्हणजे लिहिता-वाचता येणारा, पण औषधपाण्याच्या क्षेत्राशी संबंध नसलेला. तो आला नाही तर सभा भरत नाही. बाकीचे कितीही शिकलेले असले तरी चहा पिऊन घरी जातात.

आमचे आधीचे सामान्य माणूस एका बँकेचे निवृत्त शाखाधिकारी होते. सहा वर्षांत ते दोनच वाक्यं बोलले. एक, "माझी हरकत नाही," आणि दुसरं, "पंखा जरा कमी करा." ते मुलीकडे नाशिकला राहायला गेले. त्याच महिन्यात कमिटीतल्या एकुलत्या एक बाई, बालरोगतज्ज्ञ, नोकरी सोडून गेल्या. आता एक सामान्य माणूस हवा होता आणि एक बाई हवी होती. आमचे सचिव डॉ. आर्जव उपाध्ये म्हणाले, "दोन्ही एकातच मिळालं तर बघू." आणि त्यांना विजयमाला मगदूम आठवल्या.

मगदूम बाई बेडगच्या. एसटीनं बायकांना कंडक्टर म्हणून घ्यायला सुरुवात केली तेव्हाच्या पहिल्या काही जणींतल्या. जाहिरातीत उंचीची अट होती आणि गावात तेवढ्या उंचीची बारावी पास बाई मी एकटीच होते, असं त्या सांगायच्या. चोवीस वर्षं मिरज डेपोत काढून रिटायर झाल्या. घरी नवरा रामगोंडा, त्यांची द्राक्षबाग आणि एक म्हैस. मुलगी लग्न होऊन बेळगावला.

उपाध्ये डॉक्टर कॉलेजात असताना तासगावहून मिरजेला एसटीनं यायचे. एकदा त्यांचा पास आदल्या दिवशीच संपलेला होता. मगदूम बाईंनी त्यांना तिकीट काढायला लावलं आणि म्हणाल्या, "डाक्टर होणार न्हवं तुमी? मग तारीख बघायला शिका." पुढं ते औषधशास्त्राचे डॉक्टर झाले. बाटलीवरची तारीख बघताना प्रत्येक वेळी मला ती बाई दिसते, असं ते मला म्हणाले होते.

त्यांनी फोन लावला. मी समोरच बसलो होतो.

"तुम्हाला वैद्यकशास्त्रातलं काही कळतं का?"

"न्हाई."

"घरात कुणी डॉक्टर, नर्स, औषध दुकानदार?"

"कुणी न्हाई. म्हशीचा डाक्टर येतो कवातरी."

"तो चालेल," उपाध्ये म्हणाले. "तुम्ही याच."

पहिल्या सभेला मगदूम बाई वीस मिनिटं आधी आल्या. निळसर साडी, डोक्यावर पदर नाही, हातात कापडी पिशवी. गोपनीयतेच्या कागदावर सही करताना त्यांनी तो कागद पूर्ण वाचला. माझ्या नोकरीत तो कागद वाचणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं. वाचायला वेळ लागला म्हणून सभा सात मिनिटं उशिरा सुरू झाली.

त्या दिवशी डॉ. शिवतेज जगदाळे यांचा अर्ज होता. जगदाळे आमचे सर्जन. हुशार माणूस, चालतात भरभर आणि बोलतातही भरभर. मधुमेहाच्या रुग्णांच्या पायाला जखमा होतात आणि महिनोन्‌महिने भरत नाहीत. त्यावर एका कंपनीनं मलम काढलं होतं. साठ रुग्णांवर ते वापरून बघायचं होतं. जगदाळ्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली. डॉक्टरांनी चार प्रश्न विचारले, वकील लालासाहेब माने यांनी विम्याचा कागद तपासला. मग आमचे अध्यक्ष निकम सर मगदूम बाईंकडे वळले. निकम सर साताऱ्याचे, निवृत्त प्राध्यापक, स्वभावानं अतिशय सभ्य.

"बाई, रुग्णाला द्यायचं मराठी संमतीपत्र तुम्हाला पाठवलं होतं. त्यात काही कळलं नसेल तर सांगा."

"कळलं न्हाई."

"कुठला भाग?"

"सगळाच."

निकम सर म्हणाले, "एखादी विशिष्ट गोष्ट सांगितलीत तर बरं होईल."

"मग पयल्या पानापासनं जाऊया," बाई म्हणाल्या, आणि पिशवीतून चष्मा काढला. त्यांनी वाचायला सुरुवात केली. चोवीस वर्षं गाडीत मागच्या सीटपर्यंत ऐकू जाईल असं बोलायची सवय, त्यामुळं बाहेरचा शिपाईही आत डोकावला.

"'सदर अभ्यास यादृच्छिकीकृत व दुहेरी अंध स्वरूपाचा असून आपणास दोनपैकी एका हातामध्ये नियुक्त करण्यात येईल.'" त्या थांबल्या. "जखम पायाला हाय न्हवं?"

"हो," जगदाळे म्हणाले.

"मग औषध हाताला का?"

जगदाळ्यांनी कागद मागून घेतला. स्वतःच्या सहीचा तो कागद मराठीतून ते तेव्हा पहिल्यांदा वाचत होते. प्रयोगातल्या रुग्णांच्या गटाला इंग्रजीत आर्म म्हणतात, आणि कंपनीनं दिल्लीतल्या कुठल्यातरी भाषांतरवाल्यांकडून हे करून घेतलं होतं, असं त्यांनी सांगितलं.

"बरं," बाई म्हणाल्या. "आणि आंधळं कोण होतंय?"

"कोणी नाही. दुहेरी अंध म्हणजे कुणाला कुठलं मलम दिलंय ते रुग्णालाही माहीत नसतं आणि डॉक्टरलाही."

"पण इथं पान नऊवर लिवलंय, 'आणीबाणीच्या प्रसंगी अंधत्व दूर केले जाईल.' मधुमेहाचं माणूस हाय. डोळ्यांचं भ्या त्याला आधीच असतंय. ह्ये वाचून ते पळून जाईल, न्हाईतर उलटं, डोळं बरं हुतील म्हणून येईल."

त्या सभेत चौदापैकी अकरा पानं झाली आणि चहा दोनदा सांगावा लागला. इतिवृत्तात मी लिहिलं: 'संमतीपत्राच्या भाषेबाबत चर्चा झाली.'

जगदाळ्यांनी पंधरा दिवसांत हात आणि अंधत्व काढून टाकून नवीन कागद आणला. भाषा सोपी झाली होती आणि बाकीच्यांना तो पसंत होता. मगदूम बाई म्हणाल्या, शब्द कळले, पण ऐकणाऱ्याला काय कळतंय ते बघायला पाहिजे. एका माणसाला वाचून दाखवायची परवानगी द्या. यावर अर्धा तास चर्चा झाली. लालासाहेबांनी मत दिलं की प्रयोगाची मूळ कागदपत्रं गोपनीय आहेत, पण संमतीपत्र शेवटी रुग्णांच्या हातातच द्यायचं आहे, तेव्हा हरकत नसावी. मला साक्षीदार म्हणून पाठवलं.

बेडगमध्ये बाईंच्या शेजारी रंगुबाई म्हणून साठीच्या बाई राहतात. त्यांना मधुमेह आणि डाव्या पायाच्या अंगठ्याला चार महिन्यांची जखम. आम्ही ओसरीवर बसलो. मगदूम बाईंनी बारा पानं सावकाश वाचली. रंगुबाईंनी शेंगा फोडत फोडत सगळं ऐकलं. मधेमधे मान हलवत होत्या. मला वाटलं, छान चाललंय.

वाचून झाल्यावर मगदूम बाईंनी विचारलं, "काय कळलं, रंगूवैनी?"

"चांगलं हाय की. कवा यायचं मी?"

"कशाला यायचं?"

"इलाजाला. नवं औषध आलंय म्हणताय न्हवं? जुन्यानं गुण न्हाई आला मला."

"ते लागू पडतंय का न्हाई, ते अजून कुणाला ठावं न्हाई."

"आसं कुठं असतंय? डाक्टर देणार म्हंजे लागू पडतंय म्हणूनच देणार."

"आणि निम्म्या लोकांना औषध न्हाई, नुसतंच मलम देणार हायत."

रंगुबाईंनी शेंगा खाली ठेवल्या. "ह्ये कवा वाचलं तुमी?"

"पान पाच."

"मी न्हाई ऐकलं."

मी परत निघालो तेव्हा मगदूम बाई मला सोडायला आल्या. मिरजेच्या फाट्यावर म्हणाल्या, "त्या बाईनं कान देऊन ऐकलं. चूक तिची न्हाई. आपण पानं भरत बसलो आणि मुद्द्याचं पाचव्या पानावर नेऊन ठेवलं."

पुढच्या सभेत त्यांनी पहिल्या पानावर घालायचा मजकूर स्वतः लिहून आणला. तो मला पाठ आहे, कारण आता आमच्या हॉस्पिटलातल्या प्रत्येक संमतीपत्राची सुरुवात थोड्याफार फरकानं तीच असते. 'हा इलाज नाही, ही तपासणी आहे. हे मलम लागू पडतं की नाही हे अजून कोणालाही माहीत नाही. तेच बघायचं आहे. तुम्हाला औषधाचं मलम मिळेल की साधं, हे चिठ्ठी काढल्यासारखं ठरेल. कुठलं मिळालं ते तुम्हाला सांगणार नाही, कारण ते तुमच्या डॉक्टरांनाही माहीत नसेल. नको म्हणालात तरी तुमचा नेहमीचा इलाज इथं चालू राहील आणि कोणी रागावणार नाही.'

जगदाळे म्हणाले, "असं पहिल्याच पानावर लिहिलं तर कोणी सही करणार नाही."

"मग न्हाई करणार," बाई म्हणाल्या.

"पण मग अभ्यास कसा होणार?"

"ते मला ठावं न्हाई, साहेब. ते तुमाला ठावं असायला पाहिजे."

मतदान झालं आणि मजकूर मंजूर झाला. जगदाळ्यांच्या पहिल्या वीस रुग्णांतल्या नऊ जणांनी नकार दिला. साठ रुग्ण मिळायला आठ महिने धरले होते, तिथं दीड वर्ष लागलं. या काळात जगदाळे जिन्यात मगदूम बाईंना दिसले की हात जोडायचे, पण थांबायचे नाहीत. शेवटी निकाल आला. औषधाच्या मलमानं आणि साध्या मलमानं जखमा सारख्याच वेगानं भरल्या होत्या. रंगुबाईंनी भाग घेतलाच नव्हता. त्यांची जखम रोज ड्रेसिंग करून आणि साखर ताब्यात ठेवून मधल्या काळात भरून गेली होती. कंपनीनं मलम गुंडाळून ठेवलं. जगदाळ्यांनी निकाल कमिटीपुढं मांडला तेव्हा मगदूम बाईंनी विचारलं, "म्हंजे तुमचा अभ्यास फसला का?"

"नाही," जगदाळे म्हणाले. "अभ्यास नीट झाला. मलम फसलं." मग म्हणाले, "आणि शेवटपर्यंत एकही रुग्ण मधेच सोडून गेला नाही. असं माझ्या बाबतीत आधी कधी झालं नव्हतं."

बाईंनी मान हलवली.

दुसऱ्या वर्षीच्या ऑक्टोबरात, द्राक्षाच्या छाटणीच्या दिवसांत, रामगोंडा बागेतच छाती धरून खाली बसले. गावातल्या एकाच्या गाडीतून मगदूम बाईंनी त्यांना सांगलीच्या एका हॉस्पिटलात नेलं. अँजिओप्लास्टी लगेच करायची ठरली. एक तरुण डॉक्टर मुलगी कागद घेऊन आली. तिनं सांगितलं की इथं एक अभ्यास चालू आहे, रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या आहेत, दोन्ही वापरात आहेत, त्यातली जास्त चांगली कुठली ते बघताहेत. तुमची तयारी असेल तर सही करा.

नऊ पानं होती. मगदूम बाईंनी शेवटच्या पानावर सही केली आणि कागद परत दिला.

हे त्यांनी मला नंतर आमच्या ऑफिसात बसून सांगितलं. सांगताना आवाज नेहमीसारखाच होता. "मी एक ओळ वाचली न्हाई. त्या पोरीनं दहावीचा फॉर्म पुढं केला असता तरी मी सही केली असती. दार बंद झालं, तिकडं हे आत, आणि माझ्या डोळ्यांपुढं नुसती अक्षरं."

"फॉर्म वाईट होता का?" मी विचारलं.

"दुसऱ्या दिवशी वाचला. लय चांगला हुता. आपल्यापरीस चांगला."

रामगोंडा तिसऱ्या दिवशी उठून बसले. मगदूम बाईंनी त्यांना तो फॉर्म पहिल्यापासून वाचून दाखवला, कारण सही बाईंनी केली होती पण गोळ्या रामगोंडांच्या पोटात जात होत्या.

रामगोंडांनी ऐकून घेतलं. "दोन्ही गोळ्या चालत्यात म्हणत्यात?"

"व्हय."

"त्यातली बरी कुठली त्ये शोधत्यात?"

"व्हय."

"माझ्याकडनं?"

"तुमच्याकडनं आणि आणिक बाराशे लोकांकडनं. नको असलं तर आता बी न्हाई म्हणता येतंय. गोळ्या चालूच राहतील."

"माझ्या बापजन्मात मला कुणी काय ईचारलं न्हाई," ते म्हणाले. "राहू दे."

पुढच्या सभेत दुसऱ्याच एका अर्जावर चर्चा चालू होती. अपघात होऊन आलेल्या रुग्णांच्या रक्तस्रावावरचा अभ्यास. फॉर्म चांगला होता, पहिल्या पानावर मुद्द्याचं सगळं होतं, सगळे समाधानी होते. मगदूम बाई म्हणाल्या, "मला एक सांगायचंय." आणि सांगलीला न वाचता सही केल्याची हकिकत त्यांनी पाच-सहा वाक्यांत सांगितली. मी लिहायचं थांबलो. निकम सरांनी पेन खाली ठेवलं.

"तर घाईच्या आजारात पयली सही धरू नका," त्या म्हणाल्या. "धरायची तर धरा, पण दुसऱ्या न्हाईतर तिसऱ्या दिवशी पुन्यांदा ईचारा. रुग्ण शुद्धीवर आला की त्यालाच ईचारा."

एक डॉक्टर म्हणाले, "हे नियमात आहेच."

"नियमात हाय. फॉर्मात न्हाई."

डॉक्टरांनी फॉर्म चाळला. नव्हतं. त्या दिवसापासून घातलं.

रामगोंडांना महिन्यातून एकदा सांगलीहून फोन यायचा. झोप कशी लागते, छातीत जड वाटतं का, हिरड्यांतून रक्त येतं का, जिना चढताना दम लागतो का. रामगोंडांच्या घराला जिना नाही. पहिल्या फोनला त्यांनी तसं सांगितलं, पण ते त्यांना बरोबर वाटेना. म्हणून पुढच्या महिन्यापासून फोनच्या आदल्या दिवशी ते ग्रामपंचायतीत जायचे, वरच्या मजल्यावर चढून यायचे आणि दम किती लागला ते लक्षात ठेवायचे. ग्रामसेवकानं एकदा विचारलं, काय काम होतं? रामगोंडा म्हणाले, "माझं न्हाई, दवाखान्याचं हाय."

तिसऱ्या वर्षी सगळ्या सदस्यांसाठी आणि अर्ज करणाऱ्या डॉक्टरांसाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. शेवटी वीस प्रश्नांची परीक्षा. निकाल लावायचं काम माझ्याकडं होतं. जगदाळ्यांना सोळा. लालासाहेबांना सतरा. मगदूम बाईंना एकोणीस. चुकलेल्या एका प्रश्नात त्यांनी उत्तराऐवजी प्रश्नाचं मराठी दुरुस्त करून दिलं होतं. निकालाचा कागद मी सूचनाफलकावर लावला. दुसऱ्या दिवशी तो कोणीतरी काढून नेला.

त्यानंतरच्या दोन सभांत बाईंनी विचारलेले प्रश्न मी लिहून ठेवलेत. रुग्णांची संख्या कमी धरली आहे का. मधल्या टप्प्यावर निकाल बघणारे लोक कंपनीचेच आहेत का. चालू औषध असताना काही रुग्णांना खोटी गोळी देणं योग्य आहे का. डॉक्टर मंडळी त्यांच्याकडं बघून उत्तरं द्यायला लागली होती. आधी ती निकम सरांकडं बघून द्यायची.

त्यांची तीन वर्षांची मुदत संपत आली. मुदतवाढीचा विषय सभेपुढं आला तेव्हा लालासाहेब माने उठले. लालासाहेब भला माणूस आहे. बाईंबद्दल त्यांना आदरच होता, आणि ते बोलायच्या आधी तसं म्हणालेही.

"नियमाच्या शब्दांत बाई अजून बसतात," ते म्हणाले. "त्यांनी वैद्यकीय नोकरी केलेली नाही, पदवी नाही. पण सामान्य माणूस कशासाठी असतो? ज्याला यातलं कळत नाही असा एक तरी माणूस खोलीत असावा म्हणून. बाईंना आता आपल्यातल्या काही जणांपेक्षा जास्त कळतं. त्या अर्थानं ती खुर्ची रिकामीच आहे."

जगदाळे त्या दिवशी दुसऱ्या अर्जासाठी आलेले होते. त्यांना बोलायचा अधिकार नव्हता, तरी बोलले. "माझा विरोध आहे. दीड वर्ष मी या बाईंशी भांडलोय. आता नवीन माणसाला मी पुन्हा पहिल्यापासून समजावणार नाही."

"तुम्ही समजवावं अशीच अपेक्षा आहे, डॉक्टर," निकम सर सभ्यपणे म्हणाले. मग त्यांनी बाईंना विचारलं, "तुमचं काय म्हणणं?"

मला वाटलं होतं, त्या चिडतील. निदान वाईट वाटून घेतील. त्यांनी चष्मा काढून पिशवीत ठेवला.

"वकीलसाहेब बरोबर बोलत्यात. मागच्या सभेत चार फॉर्म हुते. चारी मला एका दमात कळले. कुठं अडकलेच न्हाई. घरी जाऊन तिसरा फॉर्म पुन्यांदा वाचला, तर त्यात 'प्लासिबो' लिवलेलं हुतं. खोटी गोळी म्हणायच्या जागी नुसतं 'प्लासिबो', पुढं काय न्हाई. बेडगात कुणाला कळंल त्ये? आणि मी वाचत वाचत पुढं गेले. मला त्यो शब्द दिसलाच न्हाई. तवाच माझ्या मनात आलं की आता दुसरं माणूस बघायला पाहिजे. मी आज तेच सांगणार हुते."

उपाध्ये टेबलाकडं बघत राहिले. त्यांनीच बाईंना आणलं होतं.

तो तिसरा फॉर्म परत मागवून दुरुस्त करायला लावला. मुदतवाढ दिली गेली नाही. समाजशास्त्राच्या जागेवर घेता येईल का हेही पाहिलं, पण तिथं पदवी लागते. डॉक्टरांच्या जागेचा प्रश्नच नव्हता. सामान्य माणूस होण्याइतकं कमी त्यांना कळत नव्हतं आणि बाकी कुठल्या खुर्चीत बसायला लागणारा कागद त्यांच्याकडं नव्हता. इतिवृत्तात मी लिहिलं: 'श्रीमती मगदूम यांना आता विषय समजतो, याची समितीने नोंद घेतली व त्यांचे आभार मानले.' हे वाक्य निकम सरांनी दोनदा वाचलं आणि तसंच ठेवलं.

जाण्याआधी त्यांनी एक काम केलं. मधल्या काळात एक बाई डॉक्टर कमिटीत आल्या होत्या, त्यामुळं आता फक्त सामान्य माणूस हवा होता; त्यासाठी चार नावं आली होती. उपाध्ये म्हणाले, बाई, तुम्हीच बघा. त्यांनी चौघांना वेगवेगळं बोलावलं आणि प्रत्येकाला एका जुन्या फॉर्मचं पहिलं पान वाचायला दिलं. निवृत्त मुख्याध्यापकांनी पूर्ण वाचून ऱ्हस्व-दीर्घाच्या सहा चुका काढल्या आणि मजकूर उत्तम आहे म्हणाले. एका पतसंस्थेचे चेअरमन न वाचताच म्हणाले, सही कुठं करायची. एका भजनी मंडळाच्या बाई वाचताना सारखी मान हलवत होत्या. मगदूम बाईंनी त्यांना पाणी दिलं आणि परत पाठवलं. चौथे नाथाजी सूर्यवंशी, तासगावकडचे, बेदाण्याच्या शेडवर काम करणारे. ते दुसऱ्या ओळीवर थांबले आणि तिथंच थांबून राहिले. पाच मिनिटं झाली.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"ह्ये 'तुलनात्मक' म्हंजे कुणाची तुलना? माझी? कुणासंगं?"

मगदूम बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी नियुक्तीचं पत्र टाइप करायला घेतलं.

नाथाजींची पहिली सभा पावणेचार तास चालली. जगदाळे मधेच उठून एक ऑपरेशन करून आले, तेव्हा अजून पान तीनच चालू होतं.

बेडगला मी त्यानंतर एकदाच गेलो, द्राक्षं आणायला. बाई म्हशीचं बघत होत्या. पहिले काही महिने सभेच्या गुरुवारी त्या सकाळी लवकर आवरून बसायच्या आणि मग काय करायचं ते त्यांना सुचायचं नाही, असं त्यांनी सांगितलं. आता तसं होत नाही. आता गुरुवारी त्या रंगुबाईंना घेऊन साखर तपासायला आरोग्य केंद्रात जातात. तिथल्या नर्सनं त्यांना विचारलं होतं, तुम्ही सिस्टर होता का? त्या म्हणाल्या, कंडक्टर.

रामगोंडा ओसरीवर बसले होते. तब्येत चांगली वाटत होती. त्यांचा अभ्यास संपला होता आणि सांगलीहून निकालाचं पत्र आलं होतं. दोन्ही गोळ्यांचा परिणाम सारखाच निघाला. पत्र त्यांनी मला दाखवलं. चार घड्या घालून खिशातच ठेवलेलं होतं.

"चांगलं झालं की," मी म्हणालो.

"चांगलं कसलं? फोन बंद झाला."

"झोप वगैरे ठीक?"

"हाय ठीक. पण ईचारत कोण न्हाई आता."

बाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. हात पदराला पुसत म्हणाल्या, "मी ईचारते म्हणलं तर नको म्हणत्यात."

"तू ईचारून काय उपयोग?" रामगोंडा म्हणाले. "तुला सगळं ठावं असतंय."

बाईंनी आत जाऊन द्राक्षांची पेटी बाहेर आणून ठेवली आणि मला म्हणाल्या की धुतल्याबिगर खाऊ नका, फवारणी होऊन दहाच दिवस झालेत.